वासरू दूध सोडेपर्यंत

मोखालो, गुरांच्या तळावरून

प्रिय मा-गोसेगो,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तळावर रेंज मिळते ती फक्त त्या मोठ्या वारुळावर चढल्यावर, आणि वारुळावर उभा राहून ओरडणारा मी कसा दिसतो हे तू पाहिलं आहेस. शिवाय फोनवर तू दोन वाक्यांतच "बरं, बरं, जपून राहा" म्हणतेस आणि ठेवून देतेस. दवाखान्यातून गोसेगोच्या घरी आल्यापासून तर इतकं हळू बोलतेस की शेजारी कुणी झोपलंय असं वाटावं. म्हणून लिहायला बसलोय. उद्या गाबोरोनची बस आहे. ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याच्याकडे हे पत्र देतो आणि सोबत मादिलाची पिशवी. डॉक्टरांनी तुझं आंबट दूध अजून बंद ठेवलं असेल तर गोसेगोला खाऊ दे, तू नुसता वास घे. आपल्याच गाईंचं आहे.

आधी बातमी सांगतो, मग रडगाणं. फाटक उघडलं! दिफालाच्या वाटेवरचं, कुंपणातलं फाटक. माणसांना ते कधी बंद नव्हतंच. बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि पलीकडे जायचं, हे तू माहेरी जाताना कितीदा केलंस. पण हत्तींनी कुंपण पाडलं, मागोमाग रानरेडे आत आले आणि आपल्या पट्ट्यात लाळ्या-खुरकूत शिरली, तेव्हापासून गुराच्या एका खुरालाही पलीकडे जायची सोय नव्हती. तुझ्या बाबांचं वाडगं इथून दिसेल इतकं जवळ, आणि आपल्या गाईला ते चंद्राएवढं लांब. आता रोग गेल्याचा सरकारी शिक्का बसला. गावात बायकांनी असा जल्लोष केला की कोंबड्या दिवसभर झाडावरून उतरल्या नाहीत.

तू गेलीस त्यानंतरच्या चावडीवरच्या सभेचं तुला सांगायचं राहिलंच. ती गुरांची नवी डॉक्टरबाई आली होती, त्सोलोफेलो नावाची, गोसेगोच्याच वयाची असेल. उभी राहिली आणि म्हणाली, "सरकार लस फुकट देईल, कानातले बिल्ले देईल, दुष्काळात चाऱ्याला मदत करेल, गुरं वेगळी ठेवायला नवं आवारही बांधून देईल. तुम्ही फक्त गुरं मोकाट सोडू नका आणि बैल वेळेत विका. मग आपलं मांस समुद्रापलीकडे जाईल." झालं, म्हातारे पेटलेच. मोरापेदी उठून म्हणाला, "पोरी, मी अजून गाबोरोन पाहिलं नाही, आणि माझा बैल माझ्याआधी समुद्रापलीकडे?" ती हसून म्हणाली, "काका, तुम्हाला बिल्ला लावून घ्या, तुम्हालाही पाठवते." सगळी चावडी खदखदली. पण मग कुणीतरी विचारलं की बैल तरुणपणीच विकायचा तर संध्याकाळी वाडग्याला टेकून बघत काय बसायचं. मलाही ते पटत नाही अजून. तरी मी चार बैल त्यांच्या पहिल्या गाडीत दिले. त्यांतला तो पांढऱ्या पोटाचा चढताना मागे वळून बघत होता. मी तोंड फिरवलं.

मोरापेदीचं नाव निघालं म्हणून सांगतो. तो चावडीवर हसवतो, पण त्याची मा-तुमो गेल्यापासून घरी चूल पेटवत नाही. शेजारीपाजारी बोगोबेच्या लापशीचं भांडं नेऊन देतात. तिच्या मातीला आपण दोघं गेलो होतो, आठवतं ना, थंडीत? तू बायकांत बसली होतीस, तुला सगळं दिसलं नसेल. मी पुरुषांत होतो, मला दिसलं. ते राहू दे आता.

रक्ततपासणीचं सांगतो. प्रत्येक तळावरच्या गुरांचं रक्त काढून नेलं. एकाही गुरात रोग निघाला असता तर सगळा पट्टा पुन्हा लाल यादीत, पुन्हा फाटकाला कुलूप, बाजार गेला तो गेलाच. वाट पाहण्याची मला सवय नाही असं नाही. पण गुरांच्या बाबतीत सरकारची गाडी लांबून दिसली की अजून मी आधी गुरं मोजायला लागतो. गोसेगो तुझ्या पोटात होती त्या वर्षी मी तुझ्या बोगादीची, लग्न पुरं व्हायला तुझ्या बाबांना द्यायची गुरं निवडून ठेवली होती. आठही. दावणीचे दोर नवे वळले होते. आणि मग ती फुप्फुसाची साथ आली आणि तालुक्यातली सगळी गुरं, रोगी आणि धडधाकट, सगळी मारून खड्ड्यात लोटली. भरपाई दिली सरकारने, नाही म्हणत नाही. पण कित्येक महिने या भागात सकाळी हंबरण्याचा आवाज नव्हता. तू पोटुशी असूनही वाडग्याच्या रिकाम्या काट्यांशी बसायचीस आणि मला म्हणायचीस, "गुरं काय, परत होतील." झाली परत. पण मग दुष्काळ आला, मग खुरकूत आली, मग कुंपण उंच झालं, आणि तुझी बोगादी तशीच राहिली. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो, पोर वाढवली, आणि तुझ्या बाबांच्या वाडग्यात माझं एक वासरूसुद्धा उभं राहिलं नाही.

त्यावर पर्याय काढायला मोलेबात्सीदादा मधे एकदा पाकीट घेऊन तुझ्या बाबांकडे गेला होता, ते तुला ठाऊकच आहे. हल्ली सगळे तसंच करतात, गुरांऐवजी पैसे. तुझ्या बाबांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट चाचपलं आणि विचारलं, "हे हंबरतं का? याचं शेण पडतं का?" दादा म्हणाला नाही. "मग घेऊन जा. मला दिसत नाही, पण पाठीवरून हात फिरवता येतो. कागदाच्या पाठीवरून काय फिरवू?" दादा घरी येईपर्यंत चिडून लाल झाला होता. मी मात्र तेव्हाच म्हटलं होतं, म्हातारबाचं बरोबर आहे. माझी लेक असती तर मीही तेच म्हटलं असतं. आणि आहेच की. गोसेगोच्या होणाऱ्या सासरचे दोन वेळा विचारून गेले. आईची बोगादी पोचली नाही तर लेकीची कुठल्या तोंडाने घ्यायची? म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की या वेळी फाटक उघडलं की पहिली गुरं आपली जातील.

गुरांचा रिपोर्ट आणि तुझा रिपोर्ट एकाच आठवड्यात यायचे होते. आधी गुरांचा आला. डॉक्टरबाई गाडीतून उतरायच्या आधीच हात वर करून हसत होती. लोकांनी मला मिठ्या मारल्या, मी पण मारल्या, पण खरं सांगू, मला काही वाटलंच नाही. मी वारुळावर जाऊन बसलो. मग गोसेगोचा फोन आला, "बाबा, गाठ सगळी निघाली. कुठेही पसरलेली नाही. डॉक्टर म्हणाले, आई घरी जाऊ शकते, फक्त जपायचं." मी काय बोललो ते आठवत नाही. खाली उतरलो तेव्हा दादाने विचारलं, "कुणाचा फोन?" मी म्हटलं, "गुरं निरोगी निघाली." तो म्हणाला, "ते तर सकाळीच कळलं." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला चहा करून दिला. दादाने आयुष्यात कुणाला चहा करून दिलेला नाही, हे तुला माहीत आहे. साखर घालायला विसरला होता. मी सगळा प्यायलो.

आठ गुरं नव्या आवारात वेगळी ठेवली. सहा कालवडी-गाई आणि दोन बैल, सगळी धडधाकट, वशिंड भरलेली. डॉक्टरबाईने विचारलं, "काका, सगळे तर माल इकडच्या गाडीवर चढवतायत, तुम्ही पलीकडे कशाला नेताय? दिफालात बाजार नाही." मी म्हटलं, "बाजार नाही बाई, सासरा आहे." तिने एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि मग परवान्यावर सही केली. आणि आता आपली ती तांबडी कबरी ऐक. गाभण होती हे मला माहीत होतं, पण अजून अवकाश आहे असं मी दादाला छातीठोकपणे सांगितलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी ती आवारातच व्याली! सुंदर कालवड, कपाळावर पांढरा ठिपका. सगळे आनंदाने बघत असताना दादाने डोक्याला हात लावला. "नऊ झाली," म्हणाला. मलाही तेव्हाच उमजलं. बोगादी जोडीजोडीने जाते, विषम आकड्यात जात नाही. नऊ घेऊन दारात उभं राहिलो तर तुझे बाबा वळूनही बघायचे नाहीत. वासरू मागे ठेवावं तर आई त्याच्याशिवाय एक पाऊल टाकणार नाही, आणि दूध तुटलेली गाय कुणी बोगादीत देतं का? दहावं गुरू घालावं तर ते वेगळं ठेवलेलं नाही, त्याला परवाना नाही. दादा आणि मी दिवसभर भांडलो. तो म्हणे तुला दिवस भरलेली गाय ओळखता येत नाही, मी म्हणे तू काय दाई आहेस का. डॉक्टरबाईने वासराच्या इवल्याशा कानात बिल्ला लावला आणि परवान्यात वाढवून दिलं. तेवढं सरकारच्या हातात होतं. नवाचे आठ करणं तिच्याही हातात नव्हतं.

उजाडायच्या आत निघालो. पुरुषांनी कोट घातले होते, बायकांनी शाली आणि डोक्याला फडकी. नवऱ्या मुलाने मुलीच्या दारात जायचं नसतं, म्हणून मला फाटकापर्यंतच परवानगी. साठीला टेकलेला हा नवरा मुलगा फाटकाच्या खांबाला टेकून उभा! फाटकावरचा सेरुमोला एकेक गुराचा बिल्ला तपासत होता आणि मला टोमणे मारत होता, "रा-गोसेगो, एवढी घाई कसली? अजून दात आहेत तुम्हाला." गुरं औषधाच्या पाण्यातून छप छप करत गेली. तांबडी कबरी मधेच थांबली, मान वळवून वासराला चाटलं, आणि पलीकडे गेली. माझ्या गुराचा खूर पहिल्यांदा तुझ्या माहेरच्या मातीवर पडला. दादा शेवटी जाताना मला म्हणाला, "परत पाठवलं तर?" मी म्हटलं, "तर तुझ्याच डोक्यावर ठेवून आणशील." मग ते सगळे झाडांत दिसेनासे झाले, आणि सेरुमोलाने माझ्यासाठी रिकामा डबा पालथा घातला बसायला. मी बसलो, उठलो, बसलो. तो म्हणाला, "अहो, पोर होतेय की लग्न?"

दादा परत आला तो ऊन चांगलं वर आल्यावर. हात रिकामे, चेहरा असा की काही कळेना. त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे खडकातून पाणी काढणं, पण या वेळी त्याने सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तुझे बाबा वाडग्याच्या तोंडाशी खुर्चीवर बसले होते, कोट घालून, काठी बाजूला. एकेक गुरू त्यांच्यापुढून नेलं. प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवला, वशिंड दाबून पाहिलं. आठ झाली. मग हाताला ते वासरू लागलं, आईने चाटून ओलसर केलेलं, लटपटणारं. दादा मला म्हणाला, "मी मनात तुला शिव्या घालत होतो." तुझ्या बाबांनी वासराचा कान चाचपला, त्यातला बिल्ला चाचपला, आणि म्हणाले, "याला पण सरकारने पकडलंच का?" मग त्याच्या कपाळावर हात ठेवला. आणि म्हणाले, "आठ माझी. मोजून घेतली, माझ्या वाडग्यात उभी आहेत, मला समाधान आहे. हे नववं माझं नाही. हे माझ्या लेकीचं. दूध पिईल तोवर आईजवळ राहील, मग तिने येऊन न्यावं. गाडी पाठवू नका, माणूस पाठवू नका. तिने स्वतःच्या पायांनी यावं." दादाने हो हो म्हटलं आणि सांगितलं की ती गोसेगोच्या लग्नाच्या तयारीत आहे, सवड झाली की येईल. तुझ्या आजाराचं त्यांना कळू द्यायचं नाही, आपलं ठरलं होतं ना तसंच. त्यावर तुझे बाबा म्हणाले, "माझी लेक लग्नाच्या तयारीला गेली आणि फोनवर एकदाही हसली नाही. मोलेबात्सी, मी आंधळा आहे, बहिरा नाही." मग ते म्हणाले, "वासरू दूध सोडायला वेळ आहे. तोवर तिने बरं व्हावं. एवढंच सांग."

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहितो. सगळ्यांना वाटतं मी गोसेगोच्या लग्नासाठी घाई केली. तुलाही तसंच वाटत असेल. मा-तुमोच्या मातीच्या दिवशी पुरुषांत बसून मी काय पाहिलं ते तुला कधी सांगितलं नाही. तिच्या भावांनी मोरापेदीला खड्ड्याजवळ येऊ दिलं नाही. बोगादी झालेली नव्हती, मग ती बाई त्यांची, माती त्यांची. इतकी वर्षं संसार केलेला माणूस कुंपणाबाहेर पाहुण्यासारखा उभा होता, आणि गुरं उसनी आणून हाकत नेल्यावर त्याला मूठभर माती टाकू दिली. तुला गाठ आहे हे कळलं आणि तू गाबोरोनच्या बसमध्ये चढलीस, तेव्हा तू खिडकीतून हात हलवत होतीस आणि माझ्या डोळ्यांपुढे कुंपणाबाहेर उभा मोरापेदी होता. तुझे बाबा भले आहेत, त्यांनी मला अडवलं नसतं कदाचित. पण मला कुणाच्या भलेपणावर उभं राहायचं नव्हतं. मला तुझ्याजवळ उभं राहायचा हक्क हवा होता, आणि तो त्या बंद फाटकापलीकडे होता. तुझा रिपोर्ट चांगला आला तरी ती भीती हलली नाही. आज दादा रिकाम्या हाताने परत आला तेव्हा गेली. मी तिथेच त्या डब्यावर बसून रडलो, सेरुमोलासमोर, आणि तो शहाणा माणूस उठून फाटकाचं कुलूप उगाच उघडझाप करत राहिला. लोक आजवर "तुझी बायको" म्हणायचे, मी कधी नाही म्हटलं नाही, पण माझ्या तोंडून तो शब्द कधी गेला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू कधी विचारलं नाहीस, याचे उपकार कसे फेडू? आता घाई करू नकोस. पोटभर खा, टाके भरू दे, गोसेगोला काम करू दे. मग बसने ये, मी थांब्यावर असेन. तिथून फाटकापर्यंत दोघं हळूहळू चालत जाऊ, तुझे बूट मीच पाण्यात बुडवीन. पलीकडे तुझं वासरू वाट बघतंय, आणि मलाही आता तुझ्या बाबांच्या दारात जायला कुणाची मनाई नाही. बायको, लवकर बरी हो.

तुझा, आठ गुरांनी आणि एका वासराने तुझाच ठरलेला नवरा,
गाओलाथे